वेगाचे चलान आणि गाडीचा विमा: हप्ता नेमका कुठून वाढतो

इंदूरच्या मराठी घरांत गाडीने लांबचा प्रवास म्हटला की तो बहुधा दक्षिणेकडचाच असतो. सुट्या लागल्या, कुणाचे लग्न निघाले किंवा गणपतीला मूळ गावी जायचे ठरले की पहाटे राऊ सोडायचे, मानपूरमार्गे आग्रा-मुंबई महामार्ग धरायचा, खलघाटला नर्मदा ओलांडायची, सेंधव्यापुढे बिजासनचा घाट उतरायचा आणि धुळ्याहून पुढे नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठायची. प्रवास सुखरूप होतो, माणसे घरी परततात, आणि काही दिवसांनी मोबाइलवर संदेश येतो की अमुक ठिकाणी, अमुक वाजता, आपली गाडी ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वेगाने धावत होती. दंडाची रक्कम पाहून मन खट्टू होते, परंतु लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो आणि तोच अधिक काळ छळतो: आता गाडीचा विमा महागणार का?

या प्रश्नाचे थेट उत्तर असे की भारतात वेगाच्या एका चलानामुळे विम्याचा हप्ता आपोआप वाढत नाही. मात्र एवढ्यावर थांबलेले उत्तर अर्धवट असते, आणि अर्धवट असल्यामुळेच ते धोक्याचे ठरते. वेगाचा परिणाम विम्यावर होतोच. फक्त तो चलानाच्या वाटेने न येता परवाना, अपघात आणि क्लेम यांच्या वाटेने येतो, आणि तेव्हा त्याची किंमत दंडाच्या कितीतरी पट असते. ही वाट कुठून कुठे जाते आणि तिच्यावर आपण कुठे सावध राहू शकतो, ते येथे टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी हप्ता कशाचा बनतो ते पाहावे

पॉलिसीचा कागद काढून समोर ठेवावा. सर्वसमावेशक पॉलिसीत दोन मुख्य भाग दिसतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची जबाबदारी घेणारा. हा भाग मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे आणि त्याचा दर विमा कंपनी ठरवत नाही. तो विमा नियामक इर्डाईशी सल्लामसलत करून केंद्र सरकार जाहीर करते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीच्या कारला ३,४१६ रुपये आणि त्यावरील कारला ७,८९७ रुपये असा हा दर आहे, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. गाडी कोण चालवतो, त्याच्या नावावर किती चलाने आहेत, याचा या आकड्यांशी काहीही संबंध नाही. एकही चलान नसलेल्या आजोबांच्या गाडीला आणि दहा चलाने झालेल्या नातवाच्या गाडीला, इंजिन सारखे असेल तर, थर्ड पार्टीचा हप्ता सारखाच पडतो.

दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. २००७ पासून या भागाचे दर खुले झाले असून कंपन्या ते आपापल्या हिशेबाने ठरवतात. गाडीचे मॉडेल, तिचे वय, आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, नोंदणीचे शहर आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागील क्लेमचा इतिहास या गोष्टी तेथे मोजल्या जातात. हप्त्यातील चढउतार मुख्यतः याच भागात होतो, त्यामुळे पुढील सर्व विवेचन याच भागाभोवती फिरणार आहे.

चलानाने हप्ता वाढतो, ही समजूत आली कोठून

ही समजूत पूर्णपणे निराधार नाही, आणि तिचे मूळ दोन ठिकाणी सापडते. पहिले परदेशात. ब्रिटनमध्ये वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल किमान १०० पौंड दंड आणि परवान्यावर ३ गुण अशी शिक्षा असते. ते गुण गुन्ह्याच्या तारखेपासून ४ वर्षे परवान्याच्या नोंदीत राहतात, ३ वर्षांत १२ गुण झाले की परवाना जाण्याची वेळ येते, आणि परवाना मिळून २ वर्षे व्हायच्या आत ६ गुण झाले तर नवख्या चालकाचा परवाना रद्दच होतो. तेथील विमा कंपन्या साधारणपणे मागील ५ वर्षांतील शिक्षांची माहिती विचारतात आणि त्यानुसार हप्ता ठरवतात. विचारलेली माहिती दडवली तर पॉलिसी रद्द होऊ शकते. ज्यांची मुले तिकडे नोकरीला आहेत त्यांनी हे नियम त्यांना अवश्य सांगावेत, पण लंडनचा नियम इंदूरच्या गाडीला लावू नये.

दुसरे मूळ आपल्याकडचे आहे. वाहतूक नियमभंग आणि विम्याचा हप्ता यांची सांगड घालण्यासाठी इर्डाईने २०१९ मध्ये एक कार्यगट नेमला होता आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. पॉलिसीत ‘ट्रॅफिक व्हायोलेशन प्रीमियम’ नावाचा आणखी एक स्वतंत्र भाग जोडावा, दारू पिऊन गाडी चालवल्यास १०० गुण आणि चुकीच्या ठिकाणी गाडी उभी केल्यास १० गुण अशा चढत्या क्रमाने नियमभंगांना गुण द्यावेत, हा भार गाडीच्या नोंदणीकृत मालकावर पडावा आणि प्रारंभी दिल्लीत प्रयोग करावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. वृत्तपत्रांत त्या ठळकपणे छापून आल्या आणि अनेकांच्या मनात नियम लागू झाल्याचाच समज राहिला. कल्पना जिवंत आहे आणि तिच्याविषयी पुन्हा पुन्हा बोलले जाते. म्हणून दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीत असा वेगळा रकाना आला आहे का, हे पाहण्याची सवय ठेवावी. माझे स्वतःचे मत असे की ही जोडणी आज ना उद्या व्हावी आणि ती योग्यही ठरेल, कारण सावध चालकाने बेफिकीर चालकाचा खर्च वाटून घ्यावा, यात न्याय दिसत नाही.

पहिला टप्पा: चलान खरे आहे ना, ते तपासणे

संदेशातील दुव्यावर बोट ठेवण्यापूर्वी थांबावे. चलानाच्या नावाने खोटे संदेश पाठवून, एखादे ॲप उतरवून घ्यायला लावून बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार सर्रास होत आहेत. म्हणून दुवा बाजूला ठेवून परिवहन मंत्रालयाच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर स्वतः जावे आणि गाडीचा किंवा परवान्याचा क्रमांक घालून पाहावे. सरकारी पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असते. चलान महाराष्ट्रातील असेल तर त्या राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या स्वतंत्र ई-चलान संकेतस्थळावरही पाहावे. आपली गाडी एमपी ०९ ची असल्यामुळे परराज्यातील चलान आपल्यापर्यंत पोहोचत नाही, असा समज अजूनही ऐकू येतो; तो आता सोडून द्यावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवलेली असून दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही ती मोजते, त्यामुळे कॅमेरा दिसताच वेग कमी करण्याचा जुना उपाय तेथे चालत नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तेथे कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तो वेग अंगवळणी पडलेला चालक साध्या महामार्गावर उतरल्यावरही त्याच वेगाने जात राहतो, हे अनेकांच्या चलानांचे खरे कारण असते.

दुसरा टप्पा: भरायचे की आक्षेप घ्यायचा

कारसारख्या हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास कलम १८३ नुसार १,००० ते २,००० रुपये दंड आहे. मध्यम आणि अवजड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये. या मर्यादेत प्रत्येक राज्य तडजोडीची, म्हणजे न्यायालयात न जाता भरायची, रक्कम ठरवते, म्हणून मध्य प्रदेशातील आणि महाराष्ट्रातील आकडा वेगळा दिसला तर गोंधळून जाऊ नये.

भरण्यापूर्वी चलानासोबतचे छायाचित्र मोठे करून पाहावे. क्रमांक आपलाच आहे का, गाडीचा रंग आणि मॉडेल जुळते का, ठिकाण, तारीख, वेळ, मोजलेला वेग आणि तेथील मर्यादा या नोंदी आहेत का? केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७ अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवायची असते, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे लागते आणि अशा ठिकाणी वाहनचालकांना आगाऊ सूचना देणारा फलकही असावा लागतो. यापैकी काही चुकले असेल किंवा त्या दिवशी गाडी इंदूरमध्येच उभी होती असे फास्टॅगच्या नोंदींवरून, पार्किंगच्या पावतीवरून किंवा सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवरून दाखवता येत असेल, तर संकेतस्थळावरील तक्रारीच्या सोयीतून आक्षेप नोंदवावा आणि तो मान्य न झाल्यास न्यायालयात मांडावा. आपल्या क्रमांकाची बनावट पाटी लावून दुसरी गाडी फिरत असल्याची शंका आली तर केवळ चलान रद्द करून घेणे पुरेसे नाही. त्या गाडीने उद्या अपघात केला तर पोलिसांची पहिली नोटीस आपल्या घरी येईल. म्हणून जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.

आक्षेपाला आधार नसेल तर दंड भरून टाकावा. लोकअदालतीत रक्कम कमी होईल, या आशेने चलान वर्षानुवर्षे थकवणारे पुष्कळ जण दिसतात. थकलेल्या चलानामुळे नावबदल, एनओसी म्हणजे नाहरकत दाखला यांसारखी आरटीओतील कामे अडू शकतात आणि त्याचा विम्याशी असलेला संबंध पुढे गाडी विकण्याच्या संदर्भात येणारच आहे.

तिसरा टप्पा: गाडी कोण चालवत होते, ते स्पष्ट करणे

कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो, चालकाचा परवाना टिपत नाही. त्यामुळे चलान मालकाच्या नावाने येते. एका गाडीवर वडील, मुलगा, सून आणि कधीमधी भाचा असे चार हात फिरत असतील, तर कोणाच्या हातून काय झाले याची नोंद घरात तरी असावी. पोलिसांनी विचारल्यास चालकाची माहिती देणे हे कलम १३३ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. वडीलकीच्या नात्याने मुलाचे चलान स्वतःवर घेणारे वडील मला माहीत आहेत. त्यामागची माया समजते, परंतु दुसऱ्या वेळेपासून प्रश्न पैशांचा राहत नाही.

कारण कलम १८३ मध्येच पुढे लिहिले आहे की वेगाचा हा गुन्हा दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर पुन्हा झाल्यास चालकाचा परवाना कलम २०६ नुसार जप्त करावा. जप्त झालेला परवाना परवाना अधिकाऱ्याकडे जातो आणि चालकाचे म्हणणे ऐकून घेतल्यावर त्याला कलम १९ नुसार पहिल्या वेळी ३ महिन्यांसाठी अपात्र ठरवता येते, तर पुढच्या वेळी परवाना रद्दही करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनेही २०१५ मध्येच राज्यांना सांगितले होते की अतिवेग, लाल दिवा तोडणे, दारू पिऊन गाडी चालवणे, गाडी चालवताना मोबाइल वापरणे अशा प्रकरणांत परवाना किमान ३ महिने निलंबित करावा.

आता पॉलिसीतील चालकाविषयीचे कलम वाचावे. अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे वैध परवाना असला पाहिजे आणि तो परवाना धारण करण्यास अपात्र ठरवलेला नसला पाहिजे, असे त्यात लिहिलेले असते. याचा अर्थ सरळ आहे. निलंबनाच्या त्या ३ महिन्यांत चालकाने गाडी हातात घेतली आणि अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नाकारला जाण्याची पुरेपूर शक्यता असते. समोरच्या व्यक्तीला इजा झाली असेल तर अपघात भरपाईचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण विमा कंपनीला भरपाई देण्यास सांगू शकते, परंतु ती रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभाही कंपनीला देऊ शकते. ही वसुली मालकाकडून होते, हा मुद्दा विसरता कामा नये. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व असलेल्या प्रकरणांत भरपाई लाखो रुपयांत जाते, आणि अशा वेळी घर, जमीन, निवृत्तीचा पैसा यांवर गदा येते. एक हजाराचे चलान आणि घरावर आलेली वसुली यांच्यामध्ये फक्त एक जप्त झालेला परवाना आणि ‘जवळच तर जायचे आहे’ हा एक विचार उभा असतो.

म्हणून परवाना जप्त झाला असेल तर तो परत हातात येईपर्यंत, आदेशात लिहिलेले प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत, त्या व्यक्तीकडे किल्ली देऊ नये. विजयनगरपासून राजवाड्यापर्यंतही नाही. हाच नियम परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलांनाही लागू आहे, आणि तेथे पालकांना तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद वेगळी आहे.

चौथा टप्पा: क्लेम करण्यापूर्वी एनसीबीचा हिशेब मांडणे

वेगाची खरी किंमत बहुतेक कुटुंबांना येथे मोजावी लागते, आणि ती मोजली जात आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही. ज्या वर्षी क्लेम केला नाही त्यानंतर ओन डॅमेजच्या हप्त्यावर सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस किंवा एनसीबी म्हणतात. पहिल्या विनाक्लेम वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्यानंतर ५० टक्के अशी ती चढत जाते. एका क्लेमने ती शून्यावर येते.

समजा, एखाद्या गाडीचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि मालकाने पाच वर्षे जपून गाडी चालवून ५० टक्के सूट मिळवली आहे. तो वर्षाला ६,००० रुपये भरतो. आता भरधाव वेगात असताना पुढच्या गाडीने ब्रेक लावला, अंतर अपुरे पडले आणि बंपर व दिवा फुटला. दुरुस्ती १४,००० रुपयांची. मालकाने क्लेम केला. सक्तीची कपात, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकानेच सोसायची ठरलेली रक्कम, आणि घसारा वजा जाऊन त्याच्या हाती समजा ११,००० रुपये आले. पुढच्या वर्षी सूट शून्य झाल्याने त्याने १२,००० भरले, म्हणजे ६,००० अधिक. त्यापुढे पुन्हा क्लेम न करता २० टक्के सुटीने ९,६०० भरले, म्हणजे ३,६०० अधिक. मग ९,००० भरले, ३,००० अधिक. मग ७,८००, १,८०० अधिक. मग ६,६००, ६०० अधिक. सहाव्या वर्षी तो पुन्हा ६,००० वर आला. एकूण अधिक भरलेली रक्कम १५,००० रुपये, आणि त्यावर जीएसटी धरला तर १७,७०० रुपये. मिळाले ११,००० आणि गेले १७,७००. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक थोडा कमी भरेल, पण हिशेबाची दिशा बदलत नाही. शिवाय क्लेम पाहून एखादी कंपनी मूळ दरातली सवलतही कमी करू शकते, ते नुकसान यात धरलेलेच नाही.

यावरून एक व्यवहारी नियम निघतो. आपल्या पॉलिसीवर ओन डॅमेजचा सूट वजा करण्यापूर्वीचा हप्ता आणि सध्याची एनसीबी पाहावी, वरच्या पद्धतीने पाच वर्षांचा तोटा कागदावर मांडावा, आणि दुरुस्तीचा खर्च त्या आकड्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल तरच क्लेम करावा. वर्कशॉपमधील माणूस ‘इन्शुरन्समध्ये टाकून देऊ’ असे सहजपणे म्हणतो. त्याचे बिल निघत असते, आपली सूट जात असते. पूर्ण ५० टक्के सूट जमलेली असेल तर एनसीबी सुरक्षित ठेवणारे जोडकवच मिळते का, ते जरूर विचारावे. मात्र त्यात वर्षाला किती क्लेमपर्यंत संरक्षण आहे, हे वाचूनच पैसे भरावेत.

मोठा अपघात असेल तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवून लगेच कंपनीला कळवावे, सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, येईपर्यंत गाडी हलवू किंवा उघडू नये आणि घटना जशी घडली तशीच सांगावी. केवळ वेग जास्त होता म्हणून खासगी कारचा क्लेम सरसकट नाकारला जात नाही. परंतु शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी गाडी वापरल्यास पॉलिसी लागू होत नाही, असे विमा प्रमाणपत्रावरच छापलेले असते. रात्री सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी ‘किती पळते’ ते पाहण्याचा आणि त्याचे चित्रीकरण समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांच्या आईवडिलांनी हे वाक्य त्यांना दाखवावे.

पाचवा टप्पा: चालकाच्या स्वतःच्या घराचे काय, हे आधीच पाहणे

हा विषय बोलायला जड आहे, तरी टाळता येत नाही. थर्ड पार्टी विमा ‘तिसऱ्यासाठी’ असतो. स्वतःच्याच भरधाव आणि निष्काळजी चालवण्यामुळे चालकाचा मृत्यू झाला, तर त्याचे वारस थर्ड पार्टीच्या भागातून भरपाई मागू शकत नाहीत; जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. तेथे आधार उरतो तो मालक-चालकाच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याचा, ज्याची रक्कम २०१८ पासून १५ लाख रुपये आहे. हे कवच गाडीच्या नोंदणीकृत मालकालाच मिळते आणि त्याच्याजवळ वैध परवाना असावा लागतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा असेल, तर मुलासाठी निराळी सोय करावी लागते. हप्ता वाचवण्यासाठी हा रकाना काढून टाकणारे एजंट असतात. तसे करण्यापूर्वी दुसरीकडे तेवढेच कवच खरोखर आहे का, हे घरातल्या माणसांसमोर पाहावे.

सहावा टप्पा: नूतनीकरण

अर्जातील प्रश्न स्वतः वाचावेत. चालकाला अपघात किंवा नुकसान केल्याबद्दल कधी शिक्षा झाली आहे का, पूर्वी कोणत्या कंपनीने विमा नाकारला किंवा विशेष अटी घातल्या का, असे प्रश्न प्रस्तावात असतात. वेगाचे साधे चलान भरणे आणि निष्काळजीपणे गाडी चालवून अपघात केल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो प्रश्न विचारला आहे त्याचेच उत्तर द्यावे आणि ते खरे द्यावे. एनसीबीच्या बाबतीतही तेच: मागच्या वर्षी क्लेम झालेला असताना कंपनी बदलून जुनीच सूट सांगितली, तर नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते, आणि खोटे उघड झाल्यावर नेमका मोठा क्लेम अडतो. अर्ज एजंट भरतो, पण सहीची जबाबदारी आपलीच असते.

पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण न केल्यास साठवलेली एनसीबी जाते, शिवाय मधल्या काळात विनाविमा गाडी चालवल्यास कलम १९६ नुसार २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. जे खरोखर सावकाश आणि कमी चालवतात त्यांच्यासाठी २०२२ पासून ‘जेवढे चालवाल तेवढे भरा’ आणि ‘जसे चालवाल तसे भरा’ अशी जोडकवचे ठेवण्यास इर्डाईने परवानगी दिली आहे. दुसऱ्या प्रकारात मोबाइल किंवा गाडीतले उपकरण वेग आणि ब्रेक यांची नोंद ठेवते, आणि वेगाचा हप्त्याशी थेट संबंध आपल्याकडे आज मुख्यतः तेथेच येतो. निवृत्त मंडळींनी दर विचारून पाहावेत.

गाडी विकताना

थकलेल्या चलानांचा संबंध येथे येतो. चलान थकल्यामुळे आरटीओत नावबदल अडला, पण गाडी आणि किल्ली नव्या माणसाला दिली, तर त्याच्या हातून होणाऱ्या प्रत्येक नियमभंगाचे चलान जुन्या मालकाच्याच मोबाइलवर येत राहते आणि अपघात झाल्यास न्यायाधिकरणासमोर जबाबदारीही नोंदणीकृत मालक म्हणून त्याच्यावरच येते. म्हणून सौदा ठरताच सर्व चलाने भरून त्यांच्या पावत्या काढाव्यात, फॉर्म २९ आणि ३० देऊन नावबदल पूर्ण करावा आणि विमा कंपनीला कळवावे. खरेदीदारानेही हस्तांतरणापासून १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. एनसीबी गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे विकताना कंपनीकडून एनसीबीचे पत्र घ्यावे. ते ३ वर्षे चालते आणि नव्या गाडीवर ती सूट लावता येते. सुदामानगरातल्या माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी हे पत्र मागितलेच नव्हते. आठ वर्षांची निष्कलंक चालवणूक असूनही नव्या गाडीचा पहिला हप्ता त्यांनी पूर्ण भरला.

कंपनीचा निर्णय पटला नाही तर

क्लेम नाकारल्याचे किंवा हप्ता वाढवल्याचे कारण तोंडी ऐकून घेऊ नये. ते लेखी मागावे आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली निर्णय झाला ते त्यात लिहून घ्यावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, त्यानंतर इर्डाईच्या बीमा भरोसा संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळला आहे, तेथे शुल्क लागत नाही आणि वकील नेण्याचीही गरज नसते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा, आणि सोबत पॉलिसी, चलानाच्या पावत्या, परवान्याची प्रत, सर्व्हेअरचा अहवाल व झालेला सर्व पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने लावून जोडावा.